लॉकेटात मावतील इतकी माणसं

१

बारीकराव हे त्यांचं खरं नाव नव्हतं. अंगापिंडाने ते चांगले ऐसपैस गृहस्थ होते. स्वतःच्याच दुकानाच्या काउंटरमागे जाताना त्यांना एक खांदा आधी न्यावा लागे आणि दुसरा मागून. नाव पडलं ते कामावरून. आजूबाजूचे फोटोवाले भिंतभर फोटो करून देत आणि बारीकराव करत लहान फोटो. पाकिटातले, ओळखपत्रावरचे, किल्लीला लटकवायचे, लॉकेटात बसवायचे. "मोठा फोटो काय, गाढवही करील," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. "माणूस लहान करायचा आणि तरी त्याचं नाक जागच्या जागी ठेवायचं, याला अक्कल लागते."

त्यांची पद्धत ठरलेली होती. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी त्याची प्रत काढायची. लांबी-रुंदीचं प्रमाण बांधून ठेवायचं, नाहीतर मावशी उभ्या ताणल्या जातात आणि काका आडवे पसरतात. इंचाला तीनशे ठिपके, एकही कमी नाही. लहान करायचा तो एकदाच, एका दमात. आज थोडा, उद्या थोडा केला की फोटो धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा दिसतो. सगळ्यात शेवटी किंचित धार द्यायची, तीही जपून, कारण धार जास्त झाली की गालावरचा तीळ माशीसारखा बसतो. मग नमुना छापून भिंगाखाली धरायचा आणि समाधानाने "हं" म्हणायचं. तो "हं" ऐकू आला की काउंटरवरची त्यांची बायको कात्री आणि पाकीट पुढे सरकवी. बावीस वर्षं हेच चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक निवृत्त मुख्याध्यापिका दुकानात आल्या. निवृत्त झाल्या होत्या त्या फक्त शाळेतून. काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवून त्या म्हणाल्या, "फोटो एकच आहे. माणसं सतरा. मी मोजलीत."

"कोणाचा, बाई?"

"आमच्या घरचा. गेल्या महिन्यात सगळे जमलो होतो. मोबाइल फडताळावर टेकवला आणि आपोआप निघेल असा लावला, म्हणजे कोणी बाहेर राहायला नको." बाईंनी हातातली यादी वाचली. "टेबलावर ठेवायला एक पोस्टकार्डाएवढा. प्रत्येकाच्या पाकिटात जाईल असे सतरा. आणि हा एक यात बसवायचा."

त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक लॉकेट काढलं. अंगठ्याच्या नखाएवढं.

"आईला हवंय. शुक्रवारी तिला एक्याण्णव पूर्ण होतात. म्हणते, जन्मभर सगळे माझ्या गळ्यात पडलात, आता मीच तुम्हाला गळ्यात घालते."

"सतरा माणसं आणि नखाएवढी जागा," बारीकराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. "बाई, दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता."

"दुसरे दोघं म्हणाले," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे आले."

२

फोटो चांगला होता. मधोमध खुर्चीत म्हातारी आजी, पांढरेशुभ्र केस, हात मांडीवर. तिच्या दोन्ही बाजूंना आणि मागे दोन रांगांत लेकी, सुना, जावई, नातवंडं. पाठीमागे खिडकी, मग एक अर्धवट उघडं दार, मग भिंतीवरचं घड्याळ. दाराच्या आत अंधार होता, पण असतोच. खोलीत उजेड जास्त असला की कॅमेऱ्याला दारापलीकडचं दिसत नाही, हे बारीकराव झोपेतही सांगू शकले असते.

पोस्टकार्ड झालं. "हं."

मग त्यांनी पाकिटाच्या मापाचा नमुना छापला, भिंगाखाली धरला आणि तसाच धरून ठेवला.

कात्री हातात घेऊन बसलेली बायको म्हणाली, "काय हो? हं नाही?"

"जरा थांब."

त्यांनी मोजली. एक, दोन, तीन... अठरा. पुन्हा मोजली, यावेळी उजवीकडून. अठरा. माणसं मोजताना कोणालाही चुकता येतं, म्हणून त्यांनी पेन्सिलीचं टोक एकेका डोक्यावर टेकवत मोजली. अठरावं डोकं दारात होतं. दाराच्या चौकटीला हात लावून कोणीतरी उभं होतं. आत येऊ की नको, असा विचार करत पाहुणा उंबऱ्यावर थबकतो ना, अगदी तसं.

त्यांनी पोस्टकार्ड पाहिलं. दारात कोणी नाही. पडद्यावर मूळ फोटो उघडून दार एवढं मोठं केलं की चौकटीच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. कोणी नाही. मग बोटाने माप हळूहळू खाली आणलं. साठ टक्के, कोणी नाही. चाळीस, कोणी नाही. पंचवीसला आला.

वर नेलं, गेला. खाली आणलं, उभा.

आपण पाहिलं की कुंपणामागे वाकणारे आणि आपण पाठ फिरवली की पुन्हा डोकावणारे शेजारी असतात. बारीकरावांना त्यांचीच आठवण झाली आणि उगाच रागही आला.

"अगं, इकडे ये. दारात कोणी दिसतं का?"

बायकोने चष्मा वर सरकवला. "दिसतंय की. असेल घरातलंच कोणीतरी."

"मोठ्या फोटोत नाही."

"मग मोठा फोटो नीट आला नसेल," बायको म्हणाली आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली. बावीस वर्षांत मोठ्या फोटोवर तिचाही विश्वास उरला नव्हता.

३

बारीकराव भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास ठिपक्यांवर होता. फोटो लहान होतो म्हणजे काय होतं, तर चार ठिपक्यांचा मिळून एक ठिपका होतो. चार जणांनी मिळून एक निरोप द्यायचा म्हटलं की निरोपात थोडं इकडचं तिकडे होणारच. अंधारातल्या चार करड्या ठिपक्यांनी मिळून एखाद्या वेळी खांदा केला असेल. खांदा झाला की माणसाचं मन त्यावर डोकं बसवतं. इतकं साधं होतं ते.

मंगळवारी त्यांनी सगळे उपाय केले. अंधारातला कचरा साफ करणारी सोय वापरली. लहान करायची पद्धत बदलली. त्यांच्या यंत्रात अशा सहा पद्धती होत्या आणि त्यांतल्या पाचांना त्यांनी आजवर हात लावला नव्हता. धार दिलीच नाही. पडदा पुसला. चष्मा पुसला. दुसऱ्या यंत्रावर छापून पाहिलं. शेवटी सगळं बंद करून दहा मिनिटं थांबले. या उपायाने आजवर कधी काही दुरुस्त झालेलं नव्हतं, पण मनाला बरं वाटतं.

दुपारपर्यंत टेबलावर चार नमुने ओळीने मांडलेले होते. पोस्टकार्ड: दार रिकामं. पाकिटाचा: दारात माणूस. टपाल तिकिटाएवढा: माणूस खोलीत, मागच्या रांगेच्या मागे. लॉकेटाचा: माणूस आजीच्या खुर्चीमागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

बारीकरावांनी भिंग उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

भीती वाटायच्या आधी त्यांना अपमान वाटला, हे सांगायला हवं. लॉकेटाच्या मापात ती सतरा माणसं, खोटं कशाला बोला, तांदळाचे दाणे झाली होती. डोळे म्हणजे सुईची टोकं. एवढ्याशा जागेत तेवढंच होतं, आणि तेही फक्त बारीकरावांच्या हातून. आणि हा अठरावा? त्याच्या सदऱ्याची बटणं मोजता येत होती. बाहीला पडलेली घडी दिसत होती. माप जेवढं लहान, तेवढा तो स्वच्छ. इतका नीट लहान होणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

चेहरा मात्र दिसत नव्हता. तो खाली, आजीकडे वळलेला होता.

"पुसून टाका," बायको म्हणाली. "परवा त्या वकिलांची दुसरी हनुवटी पुसलीतच की."

पुसला. पडद्यावर दार काळंभोर, खोलीत सतराच. छापला. कागद यंत्राच्या तोंडातून हळूहळू बाहेर आला, घड्याळ आलं, खिडकी आली, रांगा आल्या. तो होता. फक्त हात आता खुर्चीच्या पाठीवर नव्हता. आजीच्या खांद्यापासून केसभर अंतरावर आला होता.

बारीकरावांनी पुन्हा पुसायला माऊस हातात घेतला आणि अलगद खाली ठेवून दिला. पुसलं की पाऊल पुढे पडतं, हे कळायला त्यांना दुसरा कागद वाया घालवायची गरज वाटली नाही.

४

बुधवारी बाई पाहायला आल्या, सोबत त्यांचे भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, आणि दादांच्या पत्नी. बारीकरावांनी पाकिटाच्या मापाचा फोटो पुढे ठेवला आणि घसा साफ केला.

"दारात हे कोण आहेत?"

तिघांनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं. ते दचकतील, पांढरेफटक पडतील, निदान "अगं बाई" तरी म्हणतील, अशी बारीकरावांची अपेक्षा होती.

"हे होय?" दादा म्हणाले. "हे हिच्या माहेरचे."

"माझ्या माहेरचे?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे असे खांदे पाडून कोणी उभं राहत नाही. तुमच्या ऑफिसातले असतील. तुम्ही रस्त्यात भेटेल त्याला 'या एकदा घरी' म्हणता."

"धाकट्या जावयाचे चुलते आहेत ते," बाई निर्णय देत म्हणाल्या. "उभं राहण्याची ढब तीच."

"ते वारले, ताई," दादा म्हणाले.

"कधी?"

"झाली तीन वर्षं. आपण गेलो होतो."

"मग ते नसतील," बाई म्हणाल्या आणि जाड पेन्सिलीने जणू नाव खोडलं.

बारीकराव कळवळून म्हणाले, "पण तुम्हीच म्हणालात, माणसं सतरा. मोजली म्हणालात."

बाईंचा चेहरा कडक झाला. "मी घरची मोजली. आल्यागेल्याला कोण मोजतं? आणि तुमचं म्हणणं काय आहे, आमच्या घरात परका माणूस शिरून फोटोला उभा राहिला आणि आम्हाला कळलं नाही?"

म्हणणं अगदी तेच होतं. त्यांनी टपाल तिकिटाएवढा फोटो पुढे केला. मग लॉकेटाचा.

"बघा, इथे आत आले," दादा खूश होऊन म्हणाले. "मी म्हणतच होतो, दारात कशाला उभं राहतील. घरचेच आहेत."

५

गुरुवारी सकाळी बारीकराव कॅमेरा गळ्यात अडकवून बाईंच्या घरी गेले. सांगितलं असं, की लॉकेटासाठी आजींचा उजेड नीट बघायचाय. मनात होतं वेगळंच. दाराच्या आत एखादा खुंटीवरचा कोट असेल, एखादी छत्री. तो एकदा डोळ्यांनी पाहिला की स्वस्थ झोप लागेल.

तिसरा मजला, स्वच्छ जिना, पितळी घंटा. बाईंनी खोलीत नेलं. फोटोतली खुर्ची तिथेच होती आणि खुर्चीत आजी होती. मागे खिडकी. पलीकडे घड्याळ. दोन्हींच्या मध्ये भिंत.

बारीकराव भिंतीजवळ गेले. नुसती भिंत. पिवळसर रंग, एक जुना खिळा, एका ठिकाणी मुलाने पेनाने ओढलेली रेघ. त्यांनी हात लावला. थंड होती. बोटांच्या पेरांनी ठोकली, तर आवाज भरीव आला.

"इथलं दार कधी बुजवलंत?"

"कसलं दार?" बाई म्हणाल्या. "त्या भिंतीपलीकडे काही नाही. खाली रस्ता आहे."

"फोटोत दार आहे, बाई."

"फोटोत काय, काहीही येतं. माझ्या ओळखपत्रावर मला मिशा आल्यात," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बारीकराव भिंतीकडे पाठ करायला धजेनात, म्हणून खेकड्यासारखे आडवे चालत खुर्चीपर्यंत आले. घड्याळाची टिकटिक एकदम मोठी वाटायला लागली होती. घड्याळं तशी वाटतातच, त्यांनी स्वतःला बजावलं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती भिंतीच्या आतून आल्यासारखी वाटली, तेही वाटतंच.

"तूच का तो बारीक करणारा?" आजीने विचारलं. तिचा आवाज कागद चुरगळल्यासारखा होता, पण जोर होता.

"हो, आजी."

"आण बघू काय केलंयस."

त्यांनी पोस्टकार्ड दिलं. आजीने ते नाकाला लावलं. तिला फारसं दिसत नव्हतं. ती फोटोवरून अंगठा फिरवत होती, कापडाचा पोत बघावा तसा. दाराच्या जागी अंगठा थांबला.

"लांब आहे अजून."

"कोण, आजी?"

"पाकिटातला दे."

दिला. अंगठा फिरला.

"हं," आजी म्हणाली. अगदी बारीकरावांसारखं. "आता जरा अंदाज येतोय. लहान केलं की माणसं जवळ येतात, नाही का?"

"कोण आहे तो, आजी?"

"चेहरा दिसला की सांगते. तू लॉकेटाचा कर. आणि हात राखून करू नकोस, होतं तेवढं स्वच्छ कर."

६

"तो म्हातारीला न्यायला आलाय," बारीकराव घरी आल्यावर म्हणाले. ते पलंगाच्या कडेला बसले होते आणि एक मोजा त्यांच्या हातातच राहिला होता.

"एक्याण्णवाव्या वर्षी कोणी न्यायला आलं, तर त्याला उशीर झाला म्हणायचं," बायको म्हणाली.

"थट्टा नाही. मी ते लॉकेट केलं नाही तर?"

"तर ती माउली दुसऱ्याकडून करून घेईल आणि तो तिला तांदळाचे दाणे करून देईल." बायको जवळ बसली. "अहो, तुम्हाला त्याची भीती वाटते की तो तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसतो याचा राग येतो, हे एकदा ठरवा."

बारीकरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही."

"मग काम करा. म्हातारीने डोळे उघडे ठेवून मागितलंय. तिच्यापासून लपवणारे आपण कोण?"

शुक्रवारी सकाळी दुकानाचं दार सताड उघडं टाकून, उन्हात, रस्त्यावरचे लोक दिसत असताना त्यांनी लॉकेटाचा फोटो छापला. जीव ओतून छापला. उत्तम कागद, तीनशेच्या जागी सहाशे ठिपके, धार अशी की ना कमी ना जास्त. कापताना श्वास रोखला. चिमट्याने उचलून लॉकेटात बसवला, वर काच दाबली. सतराच्या सतरा माणसांना नाक-डोळे आले होते. असं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढेही होणार नव्हतं.

अठराव्याचा हात आजीच्या खांद्यावर टेकला होता. तोंड तिच्या कानाशी होतं.

बारीकरावांनी लॉकेट मिटलं आणि "हं" न म्हणता खिशात टाकलं.

७

संध्याकाळी पाच वाजता ते कॅमेरा घेऊन पोचले. घर माणसांनी भरलं होतं, केक कापून झाला होता, आणि सगळे एकाच वेळी बोलत असल्यामुळे कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. वहिनींनी त्यांच्यासमोर चहाचे दोन कप ठेवले. बारीकरावांना वाटलं, अंगाकडे बघून ठेवले असतील. दोन्ही प्यायले.

आजीने लॉकेट उघडलं. बाईंनी भिंग धरलं. बारीकराव आजीच्या समोर स्टूल ओढून बसले आणि तिचा श्वास मोजायला लागले. आत, बाहेर. आत, बाहेर. एकदा ती ढेकर द्यायला थांबली, तर यांची मोजणीही थांबली.

"काय रे," आजी मान वर न करता म्हणाली, "नाडी बघतोस का माझी? आज जायचा विचार नाही. अजून केक उरलाय."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भिंग बाजूला केलं, आणि तिच्या चेहऱ्यावर, काय सांगावं, नको त्या घराचं दार चुकून उघडल्यासारखा भाव आला.

"हा माझा कोणी नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ओळखीचा निघेल. आमचे हे वर वाट बघत असतील म्हणून म्हटलं, तेच आले असतील. नाही. हा कोणी भलताच आहे."

"मग तुमच्या कानात काय सांगतोय?" बारीकरावांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण फार लांबून आला.

"विचारतोय," आजी म्हणाली. "हे कोण काढतं म्हणून. एवढं बारीक, एवढं छान कोण करतं, त्याला बघायचंय म्हणतो." तिने लॉकेट मिटलं. खट्कन आवाज झाला. "मी सांगितलं तुझं नाव."

एवढ्यात दादांनी टाळ्या वाजवल्या. "चला, चला, फोटो! फोटोवाले आलेच आहेत. सगळे जागेवर!"

माणसं खुर्चीभोवती जमली. ढकलाढकली, "तू पुढे ये", "माझं पोट दिसतंय", "दिसू दे, तुझंच आहे". बारीकरावांनी कॅमेरा डोळ्यांपुढे धरला. कॅमेऱ्याचा मागचा पडदा तो केवढा, पाकिटातल्या फोटोहून थोडा लहान. त्यांना बघायचं नव्हतं, पण बघितलं. मोजली. सतरा. मागे खिडकी, घड्याळ, आणि मध्ये दार. दार सताड उघडं होतं, दारात कोणी नव्हतं, खुर्चीमागे कोणी नव्हतं.

"गेला," बारीकराव पुटपुटले. त्यांना हायसं वाटलं.

"अरे, तूही ये की," आजी म्हणाली.

"मी? मग फोटो कोण काढणार?"

"तुझ्या मागे उभा आहे की तो. दे त्याच्याकडे."

सतरा माणसांनी बारीकरावांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि पाहुण्याकडे पाहून हसतात तसं हसले. "हो, हो, द्या त्यांच्याकडे," दादा म्हणाले. "तुम्ही नेहमी बाहेरच राहता."

बारीकराव वळले नाहीत. मान वळवायची म्हणजे कुठला स्नायू हलवायचा, हेच त्यांना आठवेना. त्यांचा हात आपण होऊन मागे गेला, आणि त्यांनी कॅमेरा सोडला. जड कॅमेरा. खाली फरशी. पडल्याचा आवाज यायची ते वाट पाहत राहिले.

आवाज आला नाही.

मग ते चालत पुढे गेले, रांगेच्या टोकाला उभे राहिले आणि समोर वळले. वळायच्या आधी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. काचांवर चकाकी येते, असं ते नंतर सांगत. चष्म्याविना त्यांना चार हातांपलीकडचं सगळं धुक्यात दिसे. समोर दिव्याचा उजेड होता आणि उजेडात काहीतरी उभं होतं, उंच, एका डोळ्याशी काळा ठिपका धरलेलं. डोळे जरा बारीक केले असते तर दिसलं असतं. त्यांनी केले नाहीत.

ते जे होतं ते जवळ आलं. चपलांचा आवाज नाही, कपड्यांची सळसळ नाही. आणि बारीकरावांच्या हनुवटीला दोन बोटं लागली, थंड, कोरडी, अतिशय सौम्य. बोटांनी हनुवटी अर्धा इंच खाली केली. थोडी डावीकडे. मग, जरा विचार करून, कणभर परत उजवीकडे.

"हसा," आजी म्हणाली.

खट्.

बारीकरावांनी चष्मा लावला तेव्हा कॅमेरा टेबलावर केकशेजारी ठेवलेला होता. पट्टा नीट गुंडाळलेला. भिंगावर झाकण बसवलेलं. आणि लोक पुन्हा एकाच वेळी बोलायला लागले होते.

तो फोटो आहे. बारीकरावांनी तो दोन दिवस उघडला नाही. बायकोने उघडला आणि त्यांना बोलावलं. माणसं अठरा, अठरावे ते स्वतः. पाठीमागे खिडकी, घड्याळ, आणि मध्ये नुसती भिंत, तिच्यावर एक खिळा. उजेड प्रत्येकाच्या गालावर हवा तसा, ओळी सरळ, आजीच्या केसान् केसाला धार. आणि अठरा माणसांत एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. घोळक्याचा फोटो काढणाऱ्या कोणालाही विचारा, हे होत नाही. बावीस वर्षांत बारीकरावांना हे एकदाही जमलं नव्हतं. ते बराच वेळ पाहत राहिले, आणि शेवटी त्यांच्या तोंडून, नको नको म्हणताना, "हं" निघालाच.

तो त्यांनी लहान केला नाही. आहे तसा, भिंतभर छापून बाईंकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"फोटो फार सुरेख आलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं, पण पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा. आत्ता आहेत का ते दुकानात?"

बारीकरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. समोर बायको कात्री पुसत होती. त्यांच्या मागच्या बाजूला, जिथे छपाईचं यंत्र होतं आणि यंत्रामागे भिंत, तिथे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

"आहेत," ते म्हणाले. "पण आत्ता कामात आहेत."